पाय, हात, तोंड: वाड्यातल्या नाटकात प्रेक्षकाला सामील कसं करून घ्यायचं

लग्नात अक्षता कधी टाकायच्या हे कुणी कुणाला शिकवत नाही. मंगलाष्टकं चालू असतात, दोनशे माणसं मुठी मिटून उभी असतात, आणि ‘सावधान’ कानावर आलं की हात आपोआप उठतात. मागच्या रांगेतल्या मावशींच्या अक्षता नवरा-नवरीपर्यंत पोहोचतच नाहीत, पुढच्याच्या डोक्यावर पडतात. तरी हे लग्न आपण लावलं असं त्यांना वाटतं, आणि ते खरंही असतं. कुणाला भाषण करावं लागलं नाही, कुणाला हात धरून पुढे ओढलं नाही. प्रत्येकाच्या मुठीत चार दाणे होते आणि ते कधी सोडायचे हे ठाऊक होतं.

प्रेक्षकाला खुर्चीतून उठवून नाटकात घ्यायचं असेल, तर याहून चांगला धडा मला अजून सापडलेला नाही. आमचा हौशी गट बडोद्यात दांडिया बाजाराच्या मागच्या एका जुन्या वाड्यात असं नाटक करतो. सुरुवातीला आम्ही बऱ्याच चुका केल्या. ज्यांना आपल्या गावात, आपल्या माणसांना घेऊन हे करायचं आहे त्यांना त्या टाळता याव्यात म्हणून सगळं क्रमानं लिहितो आहे.

आधी ठरवा: काय मोकळं करायचं?

‘इमर्सिव्ह’, म्हणजे प्रेक्षकाला आत ओढून घेणारं नाटक, हा शब्द हल्ली कशालाही लावतात. चार दिवे खाली सोडले आणि नट प्रेक्षकांतून चालत आले, की झालं इमर्सिव्ह. मी वेगळा प्रश्न विचारतो. साध्या नाटकात प्रेक्षकाचे पाय, हात आणि तोंड तिन्ही बांधलेले असतात. तुम्ही त्यातलं काय मोकळं करताय?

लंडनच्या पंचड्रंक या संस्थेनं पाय मोकळे केले. ही संस्था २००० साली सुरू झाली. मॅकबेथवर बेतलेलं तिचं नाटक न्यूयॉर्कमध्ये २०११ पासून २०२५च्या जानेवारीपर्यंत चाललं. प्रेक्षक पांढरे मुखवटे लावून मजल्यामजल्यांवर हवं तिकडं हिंडायचे, कपाटं उघडायचे, नटांच्या मागे धावायचे. बोलायला मात्र बंदी. म्हणजे पाय सुटले, हात थोडे सुटले, तोंड बंद. ब्राझीलच्या आउगुस्तो बोआल यांनी नेमकं उलटं केलं. त्यांच्या फोरम थिएटरमध्ये प्रेक्षक चालू प्रवेश थांबवतो, ‘इथं हिनं असं करायला हवं होतं’ म्हणतो आणि स्वतः त्या पात्राच्या जागी उभा राहून करून दाखवतो. पोलंडमध्ये दिग्दर्शक ग्रोटोव्स्की यांनी १९६२ साली एका नाटकात प्रेक्षकांना वेड्यांच्या इस्पितळातल्या खाटांवर बसवलं. म्हणजे अवयव एकही मोकळा केला नाही, पण प्रेक्षक कोण आहे हेच बदलून टाकलं. आणि काशीजवळ रामनगरची रामलीला महिनाभर चालते, तिथं अयोध्या एकीकडे, लंका दुसरीकडे आणि हजारो माणसं देवाच्या मागोमाग पायी जातात. ते सगळे स्वतःला प्रेक्षक म्हणवणार नाहीत. ते लीलेला आलेले असतात.

तिन्ही एकदम मोकळं करू नका. आम्ही पहिल्या वर्षी केलं होतं. माणसं कुठंही गेली, काहीही उचललं, मनाला येईल ते बोलली, आणि तासाभरात नाटकाचा बाजार झाला. आता आमच्याकडे पाय ठरलेल्या वाटेनं चालतात, हातांना पक्कं काम असतं आणि तोंड सहा जागी, प्रत्येक ठिकाणी मोजून आठ मिनिटं, आणि शेवटी निकालाच्या वेळी उघडतं. हे गणित तुमचं वेगळं असेल. पण ते संहितेच्या पहिल्या पानावर, एका ओळीत लिहून ठेवा. पुढचे सगळे निर्णय त्या एका ओळीवर तपासता येतात.

गोष्ट अशी हवी की प्रेक्षकाला तिथं असायचं कारण असेल

पुष्कळ प्रयोग इथंच पडतात. फ्रेंच नाटककार मोलिएरचं किंवा आपल्याकडचं एखादं गाजलेलं नाटक घेतात, खोल्याखोल्यांतून करतात, आणि प्रेक्षक नुसता भिंतीला टेकून उभा. तो तिथं कोण आहे? चोर, पाहुणा, भूत, शेजारी? नटाला त्याच्याकडे बघायचं की नाही हेही कळत नाही.

आम्हाला गोष्ट आमच्याच गावात मिळाली. ९ नोव्हेंबर १८७४ रोजी बडोद्याचे इंग्रज रेसिडेंट, म्हणजे इंग्रज सरकारचे इथले प्रतिनिधी, कर्नल फेअर यांनी रोजच्यासारखा पपनसाच्या सरबताचा पेला तोंडाला लावला, दोन-तीन घोट घेतले, चव बिघडलेली वाटली म्हणून उरलेलं ओतून दिलं. पेल्याच्या तळाशी गाळ राहिला. तपासणीत त्यात सोमल, म्हणजे आर्सेनिकचं विष, आणि हिऱ्याची पूड निघाली. आळ आला बडोद्याचे तेव्हाचे महाराज मल्हारराव गायकवाडांवर. फेब्रुवारी-मार्च १८७५मध्ये चौकशीला सहा जणांचं कमिशन बसलं: सर रिचर्ड कौच, सर रिचर्ड मीड आणि मेल्विल हे तीन इंग्रज, ग्वाल्हेरचे जयाजीराव शिंदे, जयपूरचे महाराजा रामसिंह आणि सर दिनकरराव हे तीन हिंदी. महाराजांच्या बाजूनं लढायला सार्जंट बॅलंटाइन हे बॅरिस्टर थेट विलायतेहून आले. निकाल तीन विरुद्ध तीन असा फुटला. इंग्रजांना महाराज दोषी वाटले, हिंदी सभासदांना आरोप सिद्ध झाला असं वाटलं नाही. सरकारनं मग विषप्रयोगाचा मुद्दा बाजूला ठेवून गैरकारभाराच्या कारणावरून एप्रिलमध्ये महाराजांना पदच्युत केलं आणि मद्रासला पाठवलं. तिथंच १८८२ साली ते वारले. त्याच १८७५च्या मे महिन्यात, आधीचे महाराज खंडेराव यांच्या विधवा राणी जमनाबाईसाहेबांनी कवळाण्याचा गोपाळ दत्तक घेतला. तो पुढे सयाजीराव झाला, ही गोष्ट बडोद्यात शेंबडं पोरही सांगेल. त्याच्या आधीची फार थोड्यांना नीट माहीत असते.

प्रेक्षकाला काय करायचं, हे या गोष्टीतच आहे. तो कमिशनचा सभासद. साक्षी ऐकायच्या, पुरावा हातात घ्यायचा, मत द्यायचं. तुमच्या गावातही असं काही असेल: एखादी पंचायत, वाटणी, मुलगी दाखवण्याचा कार्यक्रम, गिरणीच्या संपाची सभा. माणसं जिथं मुळातच बोलावलेली असतात आणि त्यांच्या असण्यानं काही ठरतं, असा प्रसंग शोधा.

इतिहासातली माणसं घेतली तर एक पथ्य पाळा. जे कागदावर आहे ते आणि जे तुम्ही रचलं ते, नटांना वेगळं सांगता आलं पाहिजे. बडोद्यात प्रेक्षकांपैकी कुणाचे तरी पणजोबा सरकारी खात्यात असतात, आणि तो प्रयोगानंतर नेमकं विचारतो.

वाडा: आधी इंजिनिअर, मग नेपथ्य

जागा बघायला दोनदा जा. एकदा भर दुपारी, एकदा ज्या वेळी प्रयोग असेल त्या वेळी रात्री. दुपारी लाकूड दिसतं, रात्री आवाज ऐकू येतात. आमच्या वाड्यात माजघरातलं कुजबुजणं माडीवर स्वच्छ ऐकू येतं आणि चौकात अजिबात नाही. हे कळल्यावर आम्ही दोन साक्षींच्या खोल्या बदलल्या.

बडोद्याचे वाडे लाकडी. जिने अरुंद, चढ उभा, पायऱ्या मधोमध झिजलेल्या. माडीच्या तक्तपोशीवर एका वेळी किती माणसं चालतील हे डोळ्यांनी ठरवू नका. जुन्या लाकडाचं काम केलेल्या स्ट्रक्चरल इंजिनिअरकडून आकडा लिहून घ्या. लग्नमुंजीला इथं शंभर पानं उठत, असं घरचे सांगतील. ते खरं असेल, पण तेव्हा तुळया साठ वर्षांनी तरुण होत्या. आम्हाला माडीवर बाराचा आकडा मिळाला, नट आणि स्वयंसेवक धरून. त्यावरून आमचं सगळं नाटक ठरलं.

चौकातल्या आडावर लोखंडी जाळी आणि कुलूप. नरसू जमादार, जो त्या प्रकरणातला एक साक्षीदार, त्यानं अटकेत असताना रेसिडेन्सीतल्या विहिरीत उडी घेतली होती. आमच्या दिग्दर्शकाला तो प्रसंग आडाच्या काठावर हवा होता. मी नाही म्हटलं. आता नरसू ओसरीवर बसून बोलतो, आणि आडाकडे एकदाही बघत नाही. प्रेक्षक मात्र बघत राहतात.

ज्योत कुठंही पेटवायची नाही. समई, कंदील, चिमणी, सगळ्यांत बॅटरीचे दिवे. दांडिया बाजारात अग्निशमन केंद्र हाकेच्या अंतरावर आहे म्हणून निर्धास्त राहू नका. बंब आला तरी बोळात वळत नाही. वाळूच्या बादल्या, अग्निशामक नळकांडी, आणि बाहेर पडायच्या दोन वाटा, ज्यांच्या दारांना प्रयोगभर कडी लावायची नाही. पोलीस ठाणं आणि महापालिका, दोन्हीकडे आधीच लेखी अर्ज द्या, पोच घ्या. शेजारच्या घरांत स्वतः जाऊन सांगा, किती वाजता गडबड होईल आणि किती वाजता संपेल. निमंत्रण द्याच, पण ते प्रयोगाच्या आधीच्या आठवड्यातल्या तालमीचं.

तांबेकर वाडा बघून या. १८४९ ते १८५४ या काळात बडोद्याचे दिवाण असलेल्या भाऊ तांबेकरांचं घर. भिंतींवर चित्रं आहेत, पुरातत्त्व खात्याच्या ताब्यात आहे. तिथं प्रयोग करायचा विचारही नको, पण माणसं अशा घरात कुठं बसत, कुठं थांबत, कोण कुठवर येऊ शके, हे तिथं उभं राहिलं की कळतं.

काळ कोणता निवडायचा? पावसाळ्यात विश्वामित्री नदीचा भरवसा नाही, नवरात्रात आवाज, उत्तरायणाच्या आगेमागे सगळं गाव पतंग उडवायला गच्चीवर. डिसेंबर आणि फेब्रुवारी चांगले. लग्नाच्या तिथी पंचांगात बघून घ्या, नाहीतर साक्ष रंगात आली की बाहेरून बँड येतो.

संहितेआधी तक्ता

या प्रकारच्या नाटकात लेखकाचं पहिलं काम संवाद लिहिणं नव्हे, वेळापत्रक लिहिणं. मोठा ड्रॉइंगचा कागद घ्या. आडवं खोल्या, उभं मिनिटं.

आमचा हिशेब असा. एका प्रयोगाला ३६ प्रेक्षक. सहाचे सहा गट, प्रत्येक गट म्हणजे एक कमिशन. सहा खोल्या: रेसिडेन्सीतले तीन नोकर (रावजी हवालदार, नरसू जमादार आणि आमिना आया), महाराजांचे खासगी चिटणीस दामोदरपंत, गाळ तपासणाऱ्या डॉक्टरांचं टेबल, आणि महाराज. प्रत्येक खोलीत आठ मिनिटं आणि पुढच्या खोलीत जायला दोन. साठ मिनिटांत सगळे गट सगळीकडे फिरतात. सुरुवातीला पंधरा मिनिटं चौकात एकत्र, शेवटी निकालाला वीस. एकूण पंचाण्णव मिनिटं. माडीवर दोनच खोल्या, म्हणजे एका वेळी बारा प्रेक्षक झाले असते. मग नट कुठं उभे राहणार? म्हणून माडीवर एकच खोली ठेवली, ती महाराजांची.

गट सहाचाच का? कमिशन सहाचं होतं म्हणून, आणि सम संख्येत मतं समसमान फुटू शकतात म्हणून. बाहेरच्या काही नाटकांत प्रेक्षकांतून ज्यूरी काढतात, तिथं निकाल लागणं हीच गंमत असते. आम्हाला निकाल न लागण्यातली तगमग हवी होती. शिवाय सहा माणसांत लपता येत नाही आणि उघडंही पडायला होत नाही. बारांत चार जण बोलतात, आठ ऐकतात. तिघांत एकाला फार ओझं होतं.

तक्ता केल्यावर एक गोष्ट लक्षात आली, जी संहिता लिहून कधीच कळली नसती. प्रत्येक गट वेगळ्या खोलीपासून सुरुवात करतो. जो गट आधी रावजीला भेटतो, त्याला ‘पेल्यात पूड मी टाकली’ हे पहिल्या आठ मिनिटांतच ऐकायला मिळतं, आणि मग पुढचा प्रत्येक साक्षीदार त्याला त्या कबुलीला दुजोरा देणारा वाटतो. जो गट आधी महाराजांसमोर बसतो, तो रावजीला माफीचा साक्षीदार म्हणूनच भेटतो आणि त्याच्या प्रत्येक वाक्यावर शंका घेतो. साक्षी त्याच, माणसं तशीच, क्रम वेगळा. शेवटी सगळे चौकात जमतात तेव्हा हे गट एकमेकांशी भांडतात. ते भांडण आम्ही लिहिलेलं नाही, तक्त्यातून आलेलं आहे.

म्हणून प्रत्येक प्रवेश स्वतंत्र उभा राहील असा लिहा. ‘मघाशी तुम्ही ऐकलंच असेल’ हे वाक्य कुठंही चालणार नाही.

गट हलवायला शिट्टी, मोबाइलचा गजर, स्वयंसेवकाचं ‘चला चला’, यातलं काही वापरू नका. आम्ही काशाचा तास टांगला आहे. सातव्या मिनिटाला एक टोला, आठव्याला दोन. एक टोला ऐकला की नटानं शेवटच्या तीन वाक्यांकडे वळायचं. दोन झाले की वाक्य अर्धं असलं तरी उठायचं. पहिल्या दोन खोल्यांनंतर प्रेक्षकच टोल्यावर उठायला लागतात. ‘सावधान’सारखंच.

पहिली पंधरा मिनिटं

सगळ्यात जास्त तालीम याची करा. माणूस रस्त्यावरून, स्कूटर लावून, शेव-उसळ खाऊन आलेला असतो. आपल्याला काहीतरी करायला लावणार याची त्याला धास्ती असते. ‘वर बोलावतील का हो?’ हा दारात सगळ्यांत जास्त विचारला जाणारा प्रश्न.

आमच्याकडे दारात कमिशनचा कारकून बसतो. तो नावं विचारत नाही. एक वही पुढे करतो आणि ‘इथं सही, सरकार’ म्हणतो. सगळ्यांना सरकार, बायकांनाही, पोरांनाही. सही करताना माणूस आपसूक सावरून बसतो. मग तो ताटलीतून लाल दोरे पुढे करतो आणि वाड्याच्या गोष्टीबाहेर येऊन, साध्या आवाजात सांगतो: ज्यांना नुसतं बघायचं आहे त्यांनी हा दोरा मनगटाला बांधा, कुणी तुम्हाला प्रश्न विचारणार नाही, हातात काही देणार नाही, मध्येच बांधलात किंवा सोडलात तरी चालेल. दोरा नंतरही मिळावा म्हणून प्रत्येक खोलीच्या दाराशी ठेवलेला असतो.

हा दोरा आम्ही दुसऱ्या वर्षी आणला. त्याआधी एका नटानं एका मुलीचा हात धरून तिला पुढे आणलं होतं, भूमिकेत, चांगल्या हेतूनं. ती हसली, म्हणून आम्हाला वाटलं तिला आवडलं. ती मध्यंतरात न सांगता निघून गेली. हसणं म्हणजे होकार नव्हे. नटानं प्रेक्षकाला स्पर्श करायचा नाही हा नियम आम्ही त्या रात्री केला आणि त्याला अपवाद ठेवला नाही, धडपडणाऱ्याला सावरण्याखेरीज.

यानंतर पहिलं काम द्यायचं, आणि ते हाताचंच हवं. ‘तुम्हाला काय वाटतं?’ असा प्रश्न पहिल्यांदा विचारलात तर माणूस मिटतो. ‘हा कंदील जरा धरता?’ म्हटलं तर कुणी नाही म्हणत नाही. गटातल्या एकाकडे कंदील, एकाकडे साक्षींचं बाड, एकाकडे दौत-टाक, एकाकडे खोलीची किल्ली. हातात वस्तू आली की कुठं उभं राहायचं हा प्रश्न सुटतो. कंदीलवाला पुढे चालतो, बाकीचे मागे. जी मंडळी दारात सगळ्यात घाबरलेली असतात, त्यांना किल्ली द्या. दार उघडायचं काम फार छोटं आहे, पण तुमच्याशिवाय गट आत जाऊ शकत नाही.

पेला

एक वस्तू अशी हवी, जिच्याभोवती सगळं नाटक फिरेल आणि जी प्रत्येकाला जवळून बघता येईल. आमच्याकडे तो पेला.

डॉक्टरांच्या टेबलावर पांढरा कपडा, त्यावर काचेचा पेला, तळाशी बोटभर सरबत आणि गाळ. डॉक्टर पेला तिरपा करून कंदिलाजवळ नेतात. गाळ सावकाश सरकतो, राखट, आणि त्यात मधूनच एक कण चमकतो. सहा डोकी नकळत एकत्र येतात. मग डॉक्टर पेला शेजारच्याकडे देतात, ‘वास बघा’ म्हणतात, आणि पेला हातोहात फिरतो. या तीन मिनिटांत संवाद जवळजवळ नाहीत, आणि प्रेक्षक घरी जाऊन हीच तीन मिनिटं सांगतात.

सुरुवातीला गाळासाठी आम्ही खडूची पूड आणि अभ्रक वापरलं. तिसऱ्या प्रयोगात एका आजोबांनी वास घेतला आणि शांतपणे घोट घेतला. त्यांच्या दृष्टीनं सरळ होतं. सरबत पुढे केलं, ते प्यायले. त्यांना काही झालं नाही, पण मला रात्रभर झोप लागली नाही. तेव्हापासून नियम असा: प्रेक्षकाच्या हातात जे द्याल ते तोंडात जाणार असं धरूनच चाला. आता ताज्या पपनसाचा रस, तांदळाची पिठी आणि चमकण्यासाठी जाडसर कुटलेली खडीसाखर. खडीसाखर विरघळते, म्हणून प्रत्येक गटासाठी नवा पेला, आणि चिमूट शेवटच्या क्षणी टाकायची. पपनस मिळालं नाही तर मोसंबीचा रस आणि वर पपनसाची साल चोळायची. वास सालीतच असतो. काच जाड बुडाची, काठ तपासलेले. सहा गटांना सहा, वर दोन राखीव.

नटांची तयारी

पाठांतर चांगलं असणारा नट इथं कधी कधी अडचणीचा ठरतो. प्रेक्षकानं मध्येच प्रश्न विचारला की तो वाक्य संपेपर्यंत थांबतो आणि मग जिथं होता तिथून सुरू करतो. प्रेक्षकाला लगेच कळतं की आपण असलो-नसलो सारखंच.

प्रत्येक नटाला आम्ही तीन याद्या करायला लावतो. माझ्या पात्राला काय माहीत आहे. काय माहीत नाही. आणि काय माहीत असून तो लपवतो. तिसरी यादी सर्वांत महत्त्वाची. मग गटातल्या बाकीच्यांनी त्याला प्रश्नांनी भंडावायचं, रोज अर्धा तास. ‘तुला किती पैसे मिळाले?’ ‘पोलिसांनी मारलं का?’ ‘माफी मिळाली नसती तर बोलला असतास का?’ खऱ्या चौकशीतही बचावाचा मुख्य रोख हाच होता, की साक्षी दबावाखाली आणि माफीच्या आशेनं आल्या. चाळीसेक प्रश्नांची उत्तरं अंगात मुरली की एक्केचाळिसावा घाबरवत नाही.

चार प्रसंग तर प्रत्येक प्रयोगात येतात, त्यांची तालीम वेगळी करा. एक, सगळे प्रश्न एकटाच विचारणारा गृहस्थ. त्याला गप्प करायचं नाही, काम द्यायचं: ‘सरकार, आपण हे लिहून घ्याल का?’ म्हणत टाक पुढे करायचा. दोन, पूर्ण गप्प गट. मग नटानंही गप्प बसायचं, मनात वीस मोजायचे. बहुतेक वेळा पंधराच्या आत कुणीतरी बोलतं. तीन, फोन. ‘हे यंत्र इथं चालत नाही’ वगैरे भूमिकेतले विनोद नकोत. दारात पिशव्या ठेवल्या आहेत, तिथं फोन बंद करून ठेवायला आधीच सांगायचं. चार, गुजराती प्रश्न. बडोद्यात गटात निदान एक तरी जावई, सून किंवा मित्र गुजराती असतो. रावजी आणि आमिना गुजरातीत उत्तर देऊ शकतात, महाराजांचा कारकून मराठीतच बोलतो. भाषेवरून कोण कुणाच्या जवळचा हे प्रेक्षकांना न सांगता कळतं.

महाराज मात्र बोलत नाहीत. चौकशीत त्यांनी लेखी निवेदन दिलं होतं. आमच्या माडीवर कारकून निवेदन वाचतो आणि महाराज समोर बसून एकेका प्रेक्षकाकडे बघतात. सहा वेळा तेच आठ मिनिटं गप्प बसणं ही फार अवघड भूमिका आहे. आणि इतर नटांचा घसाही विसरू नका: एका प्रयोगात प्रत्येकाचा प्रवेश सहा वेळा होतो, म्हणून एका रात्री एकच प्रयोग.

तालमीला परकी माणसं बोलवा

शेवटच्या दोन आठवड्यांत किमान पाच तालमी अशा माणसांसमोर करा ज्यांना नाटकातलं काही कळत नाही आणि तुमचं मन राखायची गरज वाटत नाही. भजनी मंडळातल्या काकू, सोसायटीचा वॉचमन, बारावीतली पोरं. नाटकवाल्यांना बोलावू नका. ते फार समजूतदारपणे वागतात.

एका माणसाला फक्त पाय बघायला बसवा. पाय कुठं अडखळले, कुठं दाराकडे वळले, कुठं एका पायावरून दुसऱ्यावर भार गेला, ते मिनिटासकट लिहायचं. ‘छान वाटलं’ हे माणूस चेहरा राखून म्हणू शकतो, पायांना ते जमत नाही. आमच्या दामोदरपंतांच्या खोलीत पाचव्या मिनिटाला दरवेळी पाय हलायचे. संवाद कापले, तरी हलायचे. शेवटी कळलं, तिथं बसायला काही नव्हतं. एक बाक टाकला.

निकाल

शेवटी सगळे चौकात जमतात. सगळ्या गटांना एकाच वेळी, आपसात बोलायला दहा मिनिटं. मग एकेक जण तांब्याच्या ताम्हनात सुपारी टाकतो: दोषी वाटले तर अख्खी, सिद्ध झालं नाही असं वाटलं तर फोडलेली. आवाज वेगळा येतो, तेवढाच. लाल दोरा बांधलेल्यांनी टाकायची की नाही, ते त्यांनी ठरवायचं.

इथं प्रेक्षकाला फसवू नका. काही नाटकांत मत मागतात आणि शेवट आधीच ठरलेला असतो. फक्त त्याला आपण ठरवलं असं वाटावं अशी रचना करतात. प्रेक्षक एकदा फसतो, पण ते त्याला कळतं, आणि तो पुन्हा कधी मनापासून हात पुढे करत नाही. आमच्या गोष्टीतही शेवट ठरलेला आहे: सहा सुपाऱ्या कशाही पडोत, महाराज मद्रासला जाणार. म्हणून कारकून सुरुवातीलाच सांगतो, ‘आपण मत द्यायचं. हुकूम कलकत्त्याहून येईल.’ बरेच जण तेव्हा ते ऐकून सोडून देतात. शेवटी हुकूम वाचला जातो, त्यात विषप्रयोग हे कारणच नसतं, आणि चौकात जो राग उसळतो तो खरा असतो. एकदा एक गृहस्थ ओरडले, ‘मग आम्हाला बसवलं कशाला?’ जयाजीरावांनाही हेच विचारावंसं वाटलं असेल. त्या रागावर संगीत टाकू नका, दिवे मालवू नका. राहू द्या.

पण त्यांच्या मताचं काहीतरी खरोखर उरलं पाहिजे. भिंतीवर मोठी पाटी आहे. त्या रात्रीच्या सहा कमिशनांची मतं खडूनं लिहायची, आधीच्या रात्रींच्या खाली. पुसायची नाही. बाहेर पडताना लोक तिच्यासमोर बराच वेळ उभे राहतात, आपला गट शोधतात, कालचे कुठं फुटले ते बघतात.

नंतर

टाळ्या झाल्यावर लगेच दार उघडू नका. नटांनी पगड्या काढून चौकात यायचं, पाणी आणि साधं लिंबू-सरबत ठेवायचं, वीस मिनिटं बसायचं. ज्या नटाला कुणी ‘खोटारडा’ म्हटलं असेल त्यानं त्या माणसाशी आधी जाऊन बोलायचं, स्वतःच्या नावानं. कुणी खरं काय झालं होतं विचारलं, तर जे कागदावर आहे ते सांगायचं आणि जे आम्ही रचलं तेही सांगायचं.

मग मोजणी. सहा कंदील, सहा किल्ल्या, आठ पेले, छत्तीस सुपाऱ्या उचलून डब्यात, दोरे धुवायला. स्वयंसेवकानं दोन्ही जिने वर-खाली चालून कुणी मागे राहिलं नाही हे बघायचं, विशेषतः पोरं. वाडा त्या घरचा आहे, आपला नाही. देवघराच्या उंबऱ्याजवळ पडलेलं काहीही त्याच रात्री उचलायचं. आडाच्या जाळीची किल्ली मालकीणबाईंच्या हातात द्यायची, खिळ्याला अडकवायची नाही.